‘कुणाला सांगू नका’ची चारशे वर्षं

बनारसीदास हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणींनी स्वाध्यायात ‘समयसार नाटक’ या ग्रंथामुळे ऐकलेलं असतं. जौनपूरच्या एका जवाहिऱ्याच्या घरी १५८६ साली त्यांचा जन्म झाला. पुढे आग्ऱ्याला गेले, व्यापारात कितीदा तरी बुडाले, पुन्हा उभे राहिले. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, १६४१ मध्ये, त्यांनी आपलं आयुष्य पद्यात लिहून काढलं. माणसाचं पुरतं आयुष्य एकशेदहा वर्षांचं धरलं तर आपली ही कथा अर्धीच, म्हणून नाव ठेवलं ‘अर्धकथानक’. आपल्या देशी भाषांतलं पहिलं आत्मचरित्र म्हणून अभ्यासक त्याच्याकडे बोट दाखवतात. आपल्याच मध्य प्रदेशातल्या, सागरकडच्या देवरीचे नाथूराम प्रेमी यांनी ते संपादून मुंबईहून छापलं, म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलं.

या ग्रंथात एक प्रसंग आहे. बनारसीदास ऐन तरुण असताना त्यांना जौनपुरात एक संन्यासी भेटला. म्हणाला, माझ्यापाशी एक मंत्र आहे. तो वर्षभर रोज जपायचा, तोही शौचकूपात बसून, आणि कुणालाही कळू द्यायचा नाही. वर्ष पुरं झालं की रोज सकाळी दाराशी सोन्याचा एक दीनार पडलेला मिळेल. तरुण बनारसीदासांनी वर्षभर हे इमानाने केलं. वर्ष संपल्यावर पहाटे दाराशी गेले. दीनार नव्हता. दुसऱ्या दिवशीही गेले. तेव्हाही नव्हता. जीव कासावीस झाला, अन्न गोड लागेना. शेवटी त्यांनी मनातली घालमेल आपले गुरू भानचंद यांच्यापाशी बोलून दाखवली. गुरूंनी सांगितलं, हे सारं फोल आहे. एवढं ऐकल्यावर त्यांची चिंता गेली आणि त्यांना पुन्हा कडकडून भूक लागली.

मला या प्रसंगातली भुकेची गोष्ट फार खरी वाटते. फसलेल्या माणसाची भूक जाते हे मी माझ्या गावात पाहिलेलं आहे. आणि दुसरी गोष्ट अशी की, हा फसवणुकीचा खेळ चालला तो एका अटीवर: कुणाला सांगायचं नाही. पहिल्याच दिवशी बनारसीदासांनी गुरूला, बापाला किंवा बाजारातल्या एखाद्या पोक्त माणसाला विचारलं असतं, तर वर्षभराचा जप त्याच दिवशी थांबला असता. संन्याशाला हे पुरतं ठाऊक होतं. म्हणून तर त्याने जपाची जागाही अशी निवडली, की जिथे दुसरं कुणी सोबत येणार नाही.

आज आपल्या मोबाईलवर जे ठग येतात, ते मंत्राऐवजी लिंक देतात आणि दीनाराऐवजी ‘डेली प्रॉफिट’. ‘कुणाला सांगू नका’ ही अट मात्र त्यांनीही सोडलेली नाही. या लेखात मला त्या अटीचा माग काढायचा आहे, आणि आपल्या बाजारपेठेने, आपल्या पूर्वजांनी तिच्यावर कोणता उतारा काढला होता तेही सांगायचं आहे.

दशलक्षण पर्वात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय ऐकतो. दहा दिवस, दहा अध्याय. सातव्या दिवशी व्रतांचा अध्याय येतो आणि त्यात प्रत्येक व्रताचे अतिचार, म्हणजे व्रताला डाग लावणाऱ्या गोष्टी, सांगितलेल्या आहेत. बऱ्याचदा ते शब्द आपण भराभर म्हणून टाकतो. एकदा थांबून पाहा. सत्याच्या अतिचारांत ‘कूटलेखक्रिया’ आहे, म्हणजे खोटा कागद तयार करणं. ‘न्यासापहार’ आहे, म्हणजे विश्वासाने ठेवलेली ठेव गिळणं. अचौर्याच्या अतिचारांत ‘प्रतिरूपकव्यवहार’ आहे, म्हणजे खऱ्यासारखी दिसणारी नकली वस्तू देऊन व्यवहार करणं. आणि ‘तदाहृतादान’ आहे, म्हणजे चोरीचा माल आपल्याकडे घेणं. दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वी हे लिहिलं गेलं. खोटी नोटीस, बुडवलेली ठेव, बँकेसारखी दिसणारी नकली वेबसाईट आणि भाड्याने दिलेलं खातं, या चारही गोष्टींना तिथे नाव आहे. व्यापारी समाजाला फसवणूक नवी नव्हती, म्हणूनच तिची इतकी बारीक वर्गवारी झाली.

नुसतं पाप म्हणून भागत नाही हेही त्या समाजाला कळत होतं. म्हणून त्याने व्यवहारातच कड्या-कुलपं बसवली. हुंडी घ्या. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पेढ्यांवर हुंड्या चालायच्या. नागपूरच्या पेढीने लिहिलेली हुंडी मुंबईच्या पेढीवर वटायची, रोकड वाहून न्यावी लागत नसे. पण कागदच तो. चोरीला जाऊ शकतो, आकडा बदलता येतो. मग हुंडीत रक्कम अंकात लिहायची, अक्षरात लिहायची, आणि वर तिची निम्मी रक्कम लिहून ‘त्याची दुप्पट’ असंही लिहायचं. शंभराची हुंडी असेल तर निमे पन्नास, त्याचे दुप्पट शंभर पुरे. शंभरावर एक शून्य चढवणं सोपं, पण मग पन्नासाचं काय करणार? मूळ हुंडी हरवली तर ‘पेठ’ नावाची दुसरी प्रत निघायची, तीही हरवली तर ‘परपेठ’. वटलेल्या हुंडीला ‘खोखा’ म्हणायचे, म्हणजे ती पुन्हा वटवता येऊ नये.

या सगळ्यात मला सर्वांत शहाणी वाटते ती शाहजोग हुंडी. दर्शनी हुंडी दाखवताक्षणी वटते, मुदती ठरलेल्या दिवसांनी. शाहजोग हुंडीला आणखी एक अट असते: पैसे फक्त ‘शाहा’लाच द्यायचे. शाह म्हणजे बाजारात ज्याची पत आहे, ज्याला लोक ओळखतात असा सावकार. कुणी अनोळखी माणूस हुंडी घेऊन आला तर पेढीवाला म्हणणार, ‘कागद बरोबर दिसतो, पण तुम्हाला मी ओळखत नाही. एखाद्या शाहामार्फत या.’ आणि पुढे ती हुंडी चोरीची किंवा बनावट निघाली, तर ज्या शाहाने पैसे घेतले त्याला ते परत करावे लागत. म्हणून शाहसुद्धा आधी चौकशी करूनच हात घालायचा. या रिवाजांची पत अशी, की इंग्रजांनी १८८१ मध्ये हुंडी-चेकांचा कायदा केला, तेव्हा देशी भाषांतल्या हुंड्यांच्या स्थानिक चालीरीतींना त्यांनी हात लावला नाही.

शाहजोग हुंडीचा अर्थ सोप्या भाषेत सांगायचा तर, पैसे हलण्याआधी ओळखीचा तिसरा माणूस मध्ये आलाच पाहिजे. फसवणाऱ्याला हाच तिसरा माणूस नको असतो.

रस्त्यावरचे ठगही याच तऱ्हेने काम करायचे. नागपूरहून उत्तरेला नर्मदेकडे जाणाऱ्या वाटा ठगांसाठी बदनाम होत्या. आपल्या शेजारच्या नरसिंहपुरात १८२२ मध्ये विल्यम स्लीमन हा इंग्रज अधिकारी कारभार पाहायला आला. पुढे जबलपुरातून त्याने ठगांविरुद्धची मोहीम चालवली आणि १८३६ मध्ये ठगांच्या गुप्त बोलीचा कोशच छापला. देवीच्या नावाने खून करणारा अखिल हिंदुस्थानी पंथ, असं जे चित्र इंग्रजांनी रंगवलं, ते फुगवलेलं होतं असं आजचे अनेक इतिहासकार मानतात, आणि ठग म्हणून पकडलेल्यांत निरपराधही असणार. पण कबुलीजबाबांतून जी पद्धत दिसते ती समजून घेण्यासारखी आहे. टोळीतल्या गोडबोल्याला त्यांच्या बोलीत ‘सोठा’ म्हणत. त्याचं काम एकच, वाटसरूचा विश्वास मिळवणं. तो भेटल्याबरोबर लुटायचा नाही. दोन-चार मुक्काम सोबत करायचा, सुखदुःखाचं बोलायचा. आणि म्हणायचा काय, तर रस्ता धोक्याचा आहे, चोराचिलटांची भीती आहे, आपण सोबतीने जाऊ.

म्हणजे ठगच ठगांची भीती घालायचा आणि स्वतःच रक्षणकर्ता व्हायचा. आता आजचा फोन आठवा: ‘मॅडम, आपका खाता खतरे में है, कोई पैसे निकाल रहा है, हम बचाने के लिए फोन कर रहे हैं.’ दोनशे वर्षांनी सोठा तेच बोलतो आहे.

इथे आमच्या भागाचं एक वेगळं दुखणं आहे, ते सांगितलं पाहिजे. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची नवी मांडणी झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि पांढुर्णा-सौसर मध्य प्रदेशात राहिले. छिंदवाडा जिल्ह्यातून २०२३ मध्ये आमचा पांढुर्णा जिल्हा वेगळा झाला, तरी घरची भाषा मराठी आणि कचेरीची हिंदी, हे काही बदललं नाही. तिगावात आम्ही चुलीपाशी, वावरात, मंदिराच्या ओट्यावर मराठीत बोलतो. तहसील, ठाणं, बँक, शाळेचा दाखला, समग्र आयडी, लाडली बहनाचा फॉर्म, हे सगळं हिंदीत. दोन-तीन पिढ्या अशा गेल्या. त्यामुळे झालं असं, की कडक, चोख हिंदीत कुणी बोललं की आमच्या कानाला ते आपोआप सरकार वाटतं. घरच्या भाषेत आपण उलट प्रश्न विचारतो, भाव करतो, ‘काऊन?’ म्हणतो. कचेरीच्या भाषेत आपण ‘जी सर’ म्हणतो. फोनवरचा ठग अर्धी लढाई त्या ‘जी सर’वरच जिंकतो.

ही ‘सरकारचा आवाज’ काढण्याची विद्या कशी पिकली, याचा एक मोठा दाखला आपल्या महाराष्ट्रातला आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मिरा रोड इथल्या कॉल सेंटरांवर छापे घातले. सातशेहून अधिक तरुण-तरुणींना ताब्यात घेतलं, सत्तर जणांना अटक केली. ही मुलं रात्रभर अमेरिकेतल्या घरांत फोन लावायची. आम्ही आयकर खात्यातून बोलतोय, तुम्ही कर बुडवलाय, थोड्याच वेळात पोलीस दाराशी येतील. समोरचा घाबरला की म्हणायचं, फोन ठेवू नका, बाजारात जा, गिफ्ट कार्डं विकत घ्या आणि त्यांच्यावरचे नंबर आम्हाला वाचून दाखवा. आता कुठलं सरकार गिफ्ट कार्डात कर घेतं? पण फसलेल्यांत शिकलेली, पोक्त, इंग्रजीच बोलणारी माणसं होती. म्हणजे ‘आपण खेड्यातल्या, आपल्याला कळत नाही’ हे काही खरं कारण नाही. भीती घातली, घाई केली आणि फोन कानाला चिकटवून ठेवला, तर अमेरिकेतली म्हातारीही फसते आणि तिगावातलीही.

तीच युक्ती नवं नाव घेऊन आपल्या घरात आली: ‘डिजिटल अरेस्ट’. लुधियानाच्या वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओसवाल यांच्यावर ऑगस्ट २०२४ मध्ये ही वेळ आली. २०१० साली पद्मभूषण मिळालेले, वयाची ऐंशी ओलांडलेले, आयुष्यभर हजारो माणसांचा कारभार सांभाळलेले उद्योगपती. त्यांना सीबीआयच्या नावाने फोन आला, एका मोठ्या घोटाळ्यात तुमचं नाव आहे म्हणून. व्हिडिओ कॉलवर त्यांना दोन दिवस नजरेखाली ठेवलं. सर्वोच्च न्यायालयाचा खोटा आदेश दाखवला. एवढंच नाही, खोटी सुनावणी भरवली आणि तिथे कुणीतरी सरन्यायाधीश चंद्रचूड म्हणून बसला. सात कोटी रुपये गेले. पुढे तक्रार झाल्यावर पोलिसांनी खाती गोठवून पाच कोटींहून अधिक रक्कम परत मिळवली. ओसवालांनी ही हकिगत लपवली नाही, वर्तमानपत्रांना आणि वाहिन्यांना स्वतः सांगितली. माझ्या मते त्यांनी समाजावर हा मोठा उपकार केला. एवढा मोठा माणूस उघडपणे सांगतो, तर आपण कुणाची लाज धरायची?

त्या खोट्या आदेशाला कूटलेखक्रियाच म्हणायचं आणि त्या खोट्या न्यायाधीशाला प्रतिरूपक. आणि मध्ये शाह कुणीच नव्हता, कारण फोनवरच्या लोकांनी तो येऊच दिला नाही.

आपल्या देशात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट कुठल्याच कायद्यात नाही. पोलीस, सीबीआय, ईडी, न्यायालय, कुणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि चौकशीसाठी पैसे मागत नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे सांगितलं. वर्षभराने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरात तपास सीबीआयकडे सोपवला. २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशातल्या लोकांचे सुमारे २२,८४५ कोटी रुपये गेले, असं गृह मंत्रालयाने संसदेत सांगितलं. आदल्या वर्षी हा आकडा ७,४६५ कोटी होता.

आता आपल्या फोनवर काय काय येतं ते पाहू. प्रत्येकाला तोच शाहजोगचा प्रश्न विचारत जाऊ: मध्ये ओळखीचा माणूस येऊ देतात का?

केवायसी, वीजबिल, समग्र आयडी, लाडली बहना. ‘आज रात्री लाईट कापणार’, ‘खातं बंद होणार’, ‘तुमचा हप्ता अडकलाय, ओटीपी सांगा’. इथे सगळा भर घाईवर असतो. यावर उत्तर सोपं आहे: ‘मी उद्या बँकेत येते’, ‘मी ऑनलाईन सेंटरवर जाऊन विचारते’. खरं काम असेल तर ते उद्याही होतं. फोनवरचा माणूस या वाक्याने चिडला, ओरडला, की ओळखायचं. ओटीपी म्हणजे तिजोरीची एक वेळची किल्ली. बँकेचा माणूस ती कधीच मागत नाही.

पैसे घेण्यासाठी पिन. जुनं कपाट विकायला काढलं, समोरचा म्हणतो, मी पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका. एक गोष्ट पाटीवर लिहून ठेवा: पिन लागतो तो पैसे देताना. पैसे येताना पिन लागत नाही. पिन टाकायला सांगितला म्हणजे पैसे तुमच्याकडून जाणार.

लग्नपत्रिका. व्हॉट्सॲपवर पत्रिका येते, कधी ओळखीच्याच नंबरावरून, कारण त्याचा फोन आधीच ठगांच्या हाती गेलेला असतो. फाईलच्या नावाशेवटी ‘एपीके’ असेल तर ती पत्रिका नाही, तो प्रोग्राम आहे. तो बसला की तुमचे मेसेज, त्यातले ओटीपी, तिकडे वाचता येतात. आपल्याकडे पत्रिका उघडायच्या आधी फोन करून ‘कोणाचं लग्न हो?’ विचारायला कुणाला वाईट वाटत नाही. तेच करायचं. तसंच, ‘तुमची स्क्रीन मला दिसू द्या’ म्हणणारं कुठलंही ॲप अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून घ्यायचं नाही.

घरबसल्या काम आणि शेअरचा गट. व्हिडिओ लाईक करा, दिवसाला पैसे मिळवा. पहिले दोनशे-पाचशे खरंच येतात. तो सोठाचा पहिला मुक्काम समजा. मग ‘मोठं टास्क’, मग त्यासाठी आधी पैसे भरा. शेअरच्या गटात शंभर जण रोज नफा दाखवतात. त्यातले पुष्कळ एकाच टोळीचे. स्क्रीनवर तुमचे लाख वाढताना दिसतात, काढायला गेलात की ‘आधी टॅक्स भरा’. हा तर शब्दशः रोजचा दीनार, बनारसीदासांच्या दाराशी न पडलेला.

मुलाचा आवाज. आता यंत्राने आवाजाचीही नक्कल होते. ‘आई, मी ठाण्यात अडकलोय, बाबांना सांगू नको, पैसे टाक.’ यात ‘बाबांना सांगू नको’ ऐकलं की फोन ठेवायचा आणि मुलाच्या नेहमीच्या नंबरावर आपण लावायचा. घरात एक परवलीचा शब्द ठरवून ठेवावा. किल्ल्याच्या दरवाजावर परवल विचारत, तशी आपणही विचारावी. एखाद्या जुन्या गाईचं नाव, आजीच्या माहेरचं गाव, असं काहीतरी, जे फेसबुकवर सापडणार नाही.

आमच्या शेजारच्या जिजींची गोष्ट सांगते. वय सत्तरीचं, घरात एकट्या, मुलगा नागपूरला. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याचं निमित्त करून फोन आला. दाखल्याचे दिवस होतेच, म्हणून त्यांना संशय आला नाही. अडतीस हजार गेले. जिजींनी हे तीन आठवडे कुणाला सांगितलं नाही. उपवास चाललाय म्हणत जेवणं टाळली. मुलगा आला तेव्हा पासबुक पाहून कळलं. मी भेटायला गेले, तर पदराने डोळे पुसत म्हणाल्या, ‘काय सांगू बाई, इतकं गोड बोलत होता, मले वाटलं सरकारचाच माणूस.’

मी म्हटलं, ‘जिजी, मंग त्याच दिवशी काऊन नाही सांगितलं?’

‘लाज वाटली वं. पोरगा म्हणीन, आईले अक्कल नाही. मोबाईल काढून घेईन.’

जिजींचं म्हणणं मी पुढे कितीतरी बायांच्या तोंडून ऐकलं, कमीजास्त त्याच शब्दांत. ठगाने ‘कुणाला सांगू नका’ म्हटलं ते दहा मिनिटांसाठी. पुढचे तीन आठवडे ते काम घरच्या धाकाने केलं. आपल्या घरांत बाईच्या हातून दूध उतू गेलं तरी ऐकून घ्यावं लागतं, तिथे अडतीस हजारांचं ती कशी सांगेल? म्हणून हा लेख वाचणाऱ्या सुनांना, मुलांना माझं सांगणं आहे: फसल्यावर आई काय बोलेल हे तुम्ही आधी कसे बोलत होता त्यावर ठरतं. फोन नीट चालवता येत नाही म्हणून तिला हसलात, तर पुढचं संकट ती तुमच्यापासून लपवणार. आलोचना म्हणजे आपला दोष न लपवता गुरूपुढे सांगणं, असं आपण शिकतो. पण इथे दोष तिचा नाहीच. तो फसवणाऱ्याचा आहे, आणि तिला फक्त कळवायचं आहे.

कळवण्यात वेळेला फार किंमत आहे, त्याचं कारण समजून घ्या. तुमचे पैसे ठगाच्या एका खात्यात थांबत नाहीत. तिथून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पाचांत, मग कुठल्यातरी एटीएममधून बाहेर. १९३० हा सरकारी मदत क्रमांक आहे. त्यावर फोन केला, किंवा सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार लिहिली, की पुढच्या बँकांना इशारा जातो आणि वाटेत जे सापडेल ते गोठवता येतं. ही व्यवस्था २०२१ पासून चालू आहे. पहिल्या तासा-दोन तासांत फोन केला तर पैसे वाटेत सापडण्याची आशा असते. तीन आठवड्यांनी फार थोडी. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये काढलेला नियमही वेळेवरच उभा आहे. तुमची किंवा बँकेची चूक नसताना बाहेरच्या कुणी खात्यातून पैसे काढले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणजे कुठल्याही बाजूने पाहिलं तरी आधी १९३०, मग बँक, मग ठाणं. रडायचं ते त्यानंतर.

आता ‘तदाहृतादान’. हे मला मुलांच्या आयांना मुद्दाम सांगायचंय. पैसे ज्या खात्यांतून फिरतात ती खाती कुणाची असतात? बहुतेक वेळा गरजू पोरांची, कॉलेजातल्या मुलांची, मजुरांची, बायांचीही. ‘तुझं खातं महिनाभर दे, पासबुक-सिम दे, पाच हजार घे.’ पोराला वाटतं, आपण कुठे चोरी केली? पण चोरीचा माल घरात घेणं हा अतिचार आहे हे आपण दरवर्षी सातव्या दिवशी ऐकतो, आणि आजचा कायदाही तेच म्हणतो. पोलीस सर्वांत आधी ज्याच्या नावाचं खातं त्याच्या दाराशी येतात. सूत्रधार दूर कुठेतरी असतो, पोरगा इथे ठाण्यात बसतो. मिरा रोडच्या त्या सातशे मुलांतही कितीतरी जण नुसती नोकरी म्हणून गेले असतील. पाठशाळेत पोरांना अतिचार शिकवताना हा अर्थ सांगितला, तर ते शब्द त्यांच्याही लक्षात राहतील.

या सगळ्यावर आमच्या महिला मंडळात आम्ही एक साधी रीत पाडली आहे, आणि ती मी शाहजोग हुंडीवरूनच उचलली. प्रत्येकीने आपला एक ‘शाह’ ठरवायचा. अनोळखी फोनवरून पैशाची, ओटीपीची, अटकेची गोष्ट निघाली, की फोन ठेवायचा आणि आधी आपल्या शाहाला लावायचा. तो मुलगा असेल, भाची असेल, शेजारीण असेल. फार हुशार असण्याची गरज नाही. ठगाचा फोन त्याच्या कानाला लागलेला नसतो, त्यामुळे त्याचं डोकं ताळ्यावर असतं, एवढंच पुरे. दोन नियम केले आहेत. शाहाने कधीही, रात्री अकरालाही, फोन उचलायचा. आणि फोन करणारीला हसायचं नाही, रागवायचं नाही, पुढे मंडळात तिच्या नावाने गोष्ट करायची नाही.

जिजींनी माझं नाव दिलंय. गेल्या महिन्यात त्यांचे मला चार फोन आले. तीन खरेच बँकेचे आणि गॅसवाल्याचे होते, चौथा नव्हता. मंडळातल्या सगळ्या जणींनी एका चिठ्ठीवर वर १९३० आणि खाली आपल्या शाहाचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून ती दळणाच्या डब्यावर नाहीतर देव्हाऱ्याच्या बाजूला चिकटवली आहे. तुम्हीही लिहा. आणि लिहिताना ज्यांच्यासाठी तुम्ही शाह व्हाल अशा दोघींची नावंही मनात धरा: एक घरातली, एक घराबाहेरची. जाऊन त्यांना आजच सांगा की, रात्री-अपरात्री कधीही फोन कर, मी उचलीन.